चार गावांचं मिळून एक हायस्कूल : तुमच्याकडं काय झालं?

कणसाच्या_गावची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, काल शाळेत एक गोष्ट बघितली आणि आता राहवत नाहीये.

आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यात असतो, शहरात नाही, अगदी खेड्यात. नवरा बियाण्यांच्या कंपनीत आहे त्यामुळं आठ वर्षं झाली, मका आणि सोयाबीनच्या मधोमध संसार चाललाय. मुलगा दहावीत, मुलगी सातवीत. मुलगा ज्या हायस्कूलला जातो ते सरकारी आहे पण ते कुठल्याच एका गावाचं नाही. चार गावांच्या शाळा एकेक करत बंद झाल्या आणि सगळ्यांचं मिळून हे एक झालं. नावसुद्धा चार गावांच्या आद्याक्षरांचं. आमच्या शाळेचं नाव इथं लिहीत नाही, पण अशी नावं या राज्यात पुष्कळ आहेत. बीसीएलयूडब्ल्यू म्हणजे बीमन, कॉनरॅड, लिस्कोम, युनियन आणि व्हिटन. एजीडब्ल्यूएसआर म्हणजे ॲकली, जिनीव्हा, वेल्सबर्ग आणि स्टीमबोट रॉक. एचएलव्ही म्हणजे हार्टविक, लाडोरा, व्हिक्टर. नवीन आले तेव्हा या अक्षरांचा काही अर्थच लागायचा नाही, आता ऐकलं की कुठल्या कुठल्या गावातली शाळा गेली ते मनात मोजलं जातं.

तर काल पालक-शिक्षक भेट होती. जिमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये काचेचं मोठं कपाट आहे, त्यात बंद झालेल्या चारही शाळांच्या ट्रॉफ्या, टीमचे फोटो, एका शाळेचा जुना बँडचा कोट. एक आजी, ऐंशीच्या पुढच्या असतील, घरून आणलेल्या फडक्यानं आतल्या ट्रॉफ्या पुसत होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्याकडंच असते म्हणे. मी थांबले, गप्पा निघाल्या. त्यांच्या वर्गात अकरा मुलं होती, सगळ्या शाळेत मिळून मुलींची बास्केटबॉलची एकच टीम. त्या काळी इथं मुलींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असायचा, तिघी फक्त बास्केट करायला आणि तिघी फक्त अडवायला, मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. आयोवात हा खेळ १९९३ पर्यंत टिकला. मॅच असली की सगळं गाव लोटायचं, मागं गावात कोणी उरायचं नाही. एका फोटोत डावीकडून दुसऱ्या त्या स्वतः, गुडघ्याला पट्टी बांधलेली.

त्यांनी सांगितलं की शाळा एकत्र झाल्या त्या वर्षी या सगळ्या ट्रॉफ्या खोक्यात भरून बॉयलरच्या खोलीत ठेवल्या होत्या, कुणाच्या लक्षातही नव्हतं. मग त्या आणि त्यांच्या तीन मैत्रिणी शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बसल्या, आणि कपाट होईपर्यंत दर महिन्याला जात राहिल्या.

हे ऐकून मी गाडीत येऊन दहा मिनिटं नुसती बसून होते. कारण माझं माहेर भोर तालुक्यातलं, आणि गेल्याच आठवड्यात भावाचा फोन होता की वाडीवरच्या शाळेत आता सात पोरं उरलीत आणि ती शाळा खालच्या मोठ्या शाळेत जाणार अशी कुजबुज चालू आहे. मी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. भाऊ विचारतो, ताई तिकडं असं झालंय ना, बरं असतं का वाईट? मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडं असं कुठं झालं असेल, तुमची मुलं अशा शाळेत जात असतील, तर लिहा प्लीज.

---

निवृत्त_गुरुजी

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यातली एकोणीस डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळांवर, म्हणून दोन शब्द.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तालयातून पत्र निघालं होतं की २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळांची मिळून एक शाळा, करण्याचे प्रस्ताव पाठवा. अशा शाळा राज्यात १४,७८३, त्यात मुलं १ लाख ८५ हजार ४६७ आणि शिक्षक २९,७०७. नमुना म्हणून दोन ठिकाणांची नावं घेतली होती, नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि आमच्या पुणे जिल्ह्यातलं पानशेत. त्यावर खूप आरडाओरड झाली, मग शाळा बंद करणार नाही असा खुलासा आला. त्याच्याही आधी २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं निघालं होतं. म्हणजे विषय नवा नाही, दर चार-पाच वर्षांनी नवं नाव घेऊन येतो.

आता मनातलं सांगतो, काहींना आवडणार नाही. मी लहान शाळेचा कैवारी आहे, पण लहान शाळेत काय चालतं ते मी पाहिलंय. एका वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एकच मुलगी होती. हुशार होती. पण तिला पाढे म्हणताना जोडीदार नाही, लंगडीला गडी नाही, चुकलं तर हसायला नाही आणि जिंकलं तर हरवायला नाही. दुपारी ती पायरीवर बसून पहिलीच्या पोरांचे खेळ बघायची. दुसरे गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडं, आणि त्यात पोषण आहाराचा हिशेब, सरकारला भरून द्यायची यूडायसची माहिती, मतदार याद्या, टपाल. शिकवायला सलग अर्धा तास मिळाला तर तो दिवस चांगला.

म्हणून पट कमी आहे तरी शाळा ठेवाच, एवढं म्हणून मी थांबू शकत नाही. पण खालच्या शाळेत पाठवा असंही म्हणवत नव्हतं, कारण मधे ओढा होता.

---

मधुरा_पु

मला कळत नाही ह्यात इतकं भावनिक होण्यासारखं काय आहे. गुरुजींनी स्वतःच लिहिलंय की तिसरीत एक मुलगी. त्या मुलीला तीस जणांच्या वर्गात, लॅब असलेल्या, ग्राउंड असलेल्या, प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक असलेल्या शाळेत जायला मिळालं तर तिचं भलंच होईल ना? माझी मावशी अजूनही म्हणते की तिला गणित आवडायचं पण आठवीनंतर शिकवायला गणिताचे सरच नव्हते, पीटीचे सर गणित घ्यायचे. लहान शाळेत हेच होतं. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही एकत्र कराव्याच लागल्या, मग आपण का अडून बसायचं? मनापासून विचारतेय, वाद घालायचा म्हणून नाही.

---

वाहक_दादा

मी एसटीत कंडक्टर आहे, तेवीस वर्षं. शाळेतलं मला कळत नाही पण शाळेला जाणारी पोरं रोज माझ्या गाडीत असतात म्हणून लिहितो.

मधुराताई तुमचं म्हणणं बरोबर आहे पण तुम्ही शाळेपासून सुरुवात केली, आम्ही स्टॉपपासून करतो. आमच्या रूटला एक मुक्कामी गाडी होती. रात्री साडेआठला वरच्या गावात जायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, सकाळी सहाला तीच गाडी पोरं घेऊन खाली यायची. त्या एका गाडीवर पाच वाड्यांची हायस्कूलची पोरं शिकली. मग फेरी तोट्यात म्हणून मुक्काम बंद झाला आणि गाडी सकाळी डेपोतून सुटायला लागली. ती वर पोचणार साडेआठला, खाली येणार दहाला, शाळेचा पहिला तास गेलेला. एक वर्षात त्या गाडीतल्या मुली निम्म्या झाल्या, मी रोज तिकीट-पास बघणारा माणूस आहे, मला चेहरे पाठ होते. पोरं वडापला, म्हणजे खाजगी जीपला, लटकून जायची, पोरींना घरचे वडापला बसू देत नव्हते.

मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, मुलांना तिसरा हिस्सा भरावा लागतो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत, त्या खास हायस्कूलच्या मुलींसाठी, राज्यातल्या १२५ मागास तालुक्यात. ज्या तालुक्यात त्या आहेत तिथं मोठा फरक पडलाय, ते मी डोळ्यानं बघितलंय, पोरी दारात उभ्या राहून गाडीची वाट बघतात आणि गाडी येते. पण शेजारचा तालुका यादीत नाही तर तिथल्या डोंगरातल्या पोरीला काही नाही. पास फुकट असून उपयोग काय, गाडीच येत नसेल तर?

म्हणून माझं एवढंच, शाळा एक करा नाहीतर चार करा, पण आधी कागदावर लिहा की गाडी किती वाजता, कोण चालवणार, बंद पडली तर दुसरी कुठून येणार.

---

साकवापलीकडे

दादा अगदी अगदी!! आमचं गाव राजापूर तालुक्यात. आमच्याकडे मुलं कमी व्हायचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, निम्मी घरं मुंबईत. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतो, शाळा भरत नाही. आमच्या वाडीची शाळा पटाअभावी बंद झाली तेव्हा नकाशात नवी शाळा दीड किलोमीटर दिसत होती म्हणजे तसं काहीच नाही. पण मधे व्हाळ म्हणजे ओढा आहे आणि त्यावर साकव, म्हणजे लहानसा पादचारी पूल. जून ते सप्टेंबर त्या साकवावरून मोठी माणसं जाताना देवाचं नाव घेतात. पाणी वाढलं की मुलं घरी, आणि शाळेच्या हजेरीत नुसता गैरहजर असा शेरा, व्हाळाला पूर आला होता हे कुठेच लिहिलेलं नाही.

माझी वहिनी दोन पावसाळे लेकाला पाठीवर घेऊन पलीकडे सोडायची. तिसऱ्या वर्षी दादा-वहिनी सगळं आवरून विरारला गेले. वाडीतलं अजून एक घर बंद झालं. पट कमी म्हणून शाळा गेली आणि शाळा गेली म्हणून राहिलेला पट गेला.

आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर लिहिलंय. ते अंतर सरळ रेघेत मोजायचं की पावलांनी मोजायचं एवढं जरी कोणी गावात येऊन ठरवलं ना तरी पुष्कळ होईल.

---

कणसाच्या_गावची

किती मनापासून लिहिताय सगळे. मधुराताईंनी अमेरिकेचं विचारलं म्हणून इथलं जरा नीट लिहिते, गेली दोन वर्षं मी शाळेच्या पालकगटात आहे त्यामुळं बरंच कळलंय.

इथं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. दोन-चार गावं आणि मधली शेतं मिळून शाळेपुरता वेगळा कारभार, त्याचं निवडून आलेलं बोर्ड, त्याचा वेगळा प्रॉपर्टी टॅक्स. सगळ्या अमेरिकेत १९४० च्या सुमारास असे १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट होते, आता साधारण १३ हजार. आयोवात तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एकखोली शाळाच १२ हजारांवर होत्या, आज अख्ख्या राज्यात डिस्ट्रिक्ट ३२५ च्या आसपास आहेत. त्यामागं कारणंही बरीच. शेती यंत्रावर गेली, कुटुंबं लहान झाली, रस्ते झाले. १९५९ मध्ये जेम्स कॉनंट म्हणून हार्वर्डचे माजी अध्यक्ष होते त्यांनी सांगितलं की शेवटच्या वर्गात निदान शंभर मुलं नसतील तर ते हायस्कूल सगळे विषय नीट शिकवू शकत नाही. ते वाक्य घेऊन राज्याराज्यांनी शाळा एकत्र केल्या. मग १९८० च्या दशकात इथं शेतीचं मोठं संकट आलं, कर्जापायी शेतं गेली, माणसं शहरात गेली, आणि परत एक लाट आली. पैसे मुलांच्या संख्येवर मिळतात, त्यामुळं मुलं कमी झाली की शिक्षक कमी, विषय कमी, मग उरलेलेही शेजारच्या डिस्ट्रिक्टात जातात. साकवताई, तुमच्या वहिनीचं वाचून मला तेच आठवलं.

पण दोन गोष्टी इथल्या मला फार मोलाच्या वाटतात.

एक म्हणजे बस. आयोवाच्या नियमातच लिहिलंय की हायस्कूलचं मूल बसमध्ये एका वेळी ७५ मिनिटांपेक्षा जास्त आणि लहान मूल ६० मिनिटांपेक्षा जास्त बसता कामा नये. आणि हायस्कूलचं मूल शाळेपासून तीन मैलांपलीकडं राहत असेल तर त्याला न्यायची जबाबदारी डिस्ट्रिक्टची. वाहक दादा, तुम्ही म्हणता तेच, आधी कागदावर. इथल्या पिवळ्या बसचा रंगसुद्धा याच सगळ्यातून आलाय. १९३९ मध्ये फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कला सगळ्या राज्यांची माणसं बोलावली आणि बसचे नियम एकसारखे केले, हे गृहस्थ आधी नेब्रास्कात खेड्यातल्या शाळांचे प्रमुख होते. पहाटेच्या अंधारात लांबून दिसावी म्हणून तो पिवळा.

आमच्या घरासमोर बस सहा पन्नासला येते. जानेवारीत तेव्हा मिट्ट काळोख, बाहेर उणे वीस. शेतं मोकळी असतात त्यामुळं बसचे दिवे दोन मैलांवरून दिसतात आणि ते वळले की मुलगा बूट घालायला लागतो. बस चालवणाऱ्या बाई शेजारच्या शेतकऱ्याच्या घरच्या. पोर्चचा दिवा चालू असेल तर त्या थांबतात, बंद असेल तर आज मुलगा येणार नाही असं समजून पुढं जातात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्या महिन्यात त्याच येऊन सांगून गेल्या.

दुसरं म्हणजे इथं एका झटक्यात एकत्र करत नाहीत. बहुतेक ठिकाणी आधी काही वर्षं वर्ग वाटून घेतात, म्हणजे हायस्कूल एका गावात आणि मधली शाळा दुसऱ्या गावात, दोन्ही डिस्ट्रिक्ट वेगळेच. पोरं एकत्र खेळायला लागतात, आयांच्या ओळखी होतात. मग मतदान. आणि दोन्हीकडं बहुमत लागतं, एका बाजूनं नाही म्हटलं की झालं नाही.

आता जे बरं नाही तेही लिहिते. सगळ्यांचं ऐकून घेऊनही आमच्याकडं जे गाव शेवटी आलं त्याच्या मनातून अजून जात नाही. त्यांच्या मेन स्ट्रीटवर आता फक्त बँक आणि धान्य साठवायचा एलिव्हेटर उरलाय, किराणा दुकान गेलं, कॅफे गेला. शाळेची इमारत उभी आहे, जिममध्ये कधी लग्नाचं जेवण असतं. नव्या हायस्कूलची दुरुस्ती करायला बाँडचं, म्हणजे कर्ज काढायचं, मतदान झालं, त्याला इथं ६० टक्के लागतात, ते थोडक्यात पडलं आणि पडलं ते त्याच गावामुळं असं सगळे म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही. ज्यांचं दार बंद झालंय त्यांनी दुसऱ्याच्या छपराला पैसे द्यायचे म्हणजे सोपं नाही.

---

साताऱ्याचा_पोरगा

वाचतोय सगळं. एक गोष्ट राहिली असं वाटतं. आपल्याकडं हायस्कूल हे पहिल्यापासूनच पंचक्रोशीचं असतं. झेडपीची शाळा चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंत, पुढं आठवीला गाव सोडून खालच्या मोठ्या गावातल्या न्यू इंग्लिश स्कूलला. तेव्हा चार गावांचं एक हायस्कूल हे आपल्याला नवीन नाहीच, फक्त कुणी एकत्र केलं नाही, ते एकच होतं.

आणि त्यावर उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं होतं ना. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला कऱ्हाडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. पोराला रोज आणणं-नेणं होत नाही तर त्याची राहण्याची सोय करा. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले, सकाळी बागेला पाणी घालायचं, भाकरी स्वतः थापायची आणि मग वर्ग. आजोबा गेले तोवर त्यांच्या भाकऱ्या घरात सगळ्यात गोल व्हायच्या.

पण हे मुलग्यांचं झालं. माझी आत्या, त्यांचीच लेक, चौथीत थांबली. शाळा लांब होती एवढंच कारण. तिला वाचता येतं, पेपर रोज वाचते, आणि अजून म्हणते की मला भूगोल शिकायचा राहिला.

---

पहिल्या_बाकावरची

मी लहान आहे तुमच्या सगळ्यांत, चोवीस वर्षांची, नर्स आहे. मी अशीच सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला गेले म्हणून लिहितेय.

आमच्या हायस्कूलला सात गावांची मुलं होती. मला तिथं काय मिळालं तर सायन्सच्या मॅडम मिळाल्या. पहिल्यांदा मायक्रोस्कोपमधून कांद्याची साल बघितली, त्या पेशी विटांसारख्या एकाला एक लागून, मी तिथंच ठरवलं की आपण ह्यातलंच काहीतरी करायचं. आमच्या गावच्या शाळेत मायक्रोस्कोप होता पण तो कपाटात, कुलूप लावून, फुटेल म्हणून. त्यामुळं मधुराताई म्हणतात ते मला पटतं, मोठी शाळा मिळाली नसती तर मी आज नर्स नसते.

पण गाडी साडेपाचची. शाळा पाचला सुटायची. दहावीला जादा तास साडेपाच ते साडेसहा असायचे, ते फक्त त्याच गावच्या मुलांना. प्रॅक्टिकल लांबलं की आम्ही सहा गावच्या मुली घड्याळ बघत उभ्या. खो-खोच्या टीममध्ये माझं नाव आलं होतं, प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर, मी नाव काढून घेतलं. सरांनी विचारलं पण नाही का म्हणून, त्यांना माहीतच होतं. शाळा सात गावांची होती पण साडेपाचनंतर ती एकाच गावाची व्हायची.

ताई, तुमच्याकडं प्रॅक्टिस झाल्यावर मुलं कशी घरी येतात?

---

कणसाच्या_गावची

बाळा, तुझं वाचून घशात आलं माझ्या. आमच्याकडं प्रॅक्टिसनंतर संध्याकाळी एक वेगळी बस असते, ती घरोघर नाही जात, चारही गावांच्या जुन्या शाळेच्या दारात सोडते, तिथून घरचे घेऊन जातात. सगळ्याच शाळांत असते असं नाही. आमच्याकडंसुद्धा मधे पैसे नाहीत म्हणून एक वर्ष ती बंद होती आणि त्या वर्षी फुटबॉलला मुलंच पुरली नाहीत. इथं लहान शाळा अकराऐवजी आठ जणांचा फुटबॉल खेळतात, तरीही पुरली नाहीत. मग पालकांनी बोर्डापुढं आकडे ठेवले की कुठल्या गावची किती मुलं गळाली, आणि बस परत सुरू झाली.

---

मधुरा_पु

साडेपाचनंतर ती एकाच गावाची व्हायची, हे वाचून मी थांबले. मी खरंच हा विचार केला नव्हता. माझी शाळा घरासमोर होती, ग्राउंडवर अंधार पडेपर्यंत खेळायचो आणि आईनं गॅलरीतून हाक मारली की घरी. मला वाटायचं शाळा म्हणजे वर्ग आणि शिक्षक.

मी अजूनही म्हणेन की एका मुलीच्या वर्गापेक्षा मोठी शाळा बरी. पण मग सरकारनं जो पैसा शाळा एकत्र करून वाचतो म्हणतात, त्यातला किती गाडीवर जाणार हे आधी विचारायला हवं. गुरुजी, तुमच्या ओढ्याचं काय झालं? आणि पानशेतच्या बाजूला तुम्ही गेलात का कधी?

---

निवृत्त_गुरुजी

मधुराताई, मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं.

पानशेतला मी गेलो नाही, बघून आल्याशिवाय लिहिणं बरं नाही. पण तिकडची धरणाकाठची गावं माहितीची आहेत. घरं चार इथं, चार तिथं, मधे पाणी. तिथं मुलांना गाडीनं आणल्याशिवाय शाळा होऊच शकत नाही, म्हणजे गाडी हा शाळेचाच भाग झाला, जसा फळा. माझं सगळ्या योजनांना हेच सांगणं आहे की गाडीला शाळेचा खर्च म्हणा, सवलत म्हणू नका. सवलत काढून घेता येते. फळा कोणी काढून नेत नाही.

आणि आठवीनंतर तर आरटीईचं अंतरही लागू नाही. नववी-दहावीच्या मुलीला शाळा किती लांब असावी हे कायद्यात कुठंच नाही, आणि मुली गळतात त्या तिथंच. मी पोरं चौथीपर्यंत जपून वर पाठवायचो आणि चार-पाच वर्षांनी त्यातली एखादी पाण्याला जाताना दिसायची, डोक्यावर हंडा, मला बघून पदर सारखा करायची. मी शाळा विचारायचो नाही.

ओढ्यावर आता पूल झालाय. माझ्या शेवटच्या वर्षी झाला. आणि ती तिसरीतली एकटी मुलगी, तिला मी स्वतः तिच्या बापाला समजावून तिच्या मामाकडं खालच्या गावात पाठवली होती, ती आता तलाठी आहे. तेव्हा मोठ्या शाळेत पाठवायला मीच पहिला होतो. फक्त तिला मामा होता.

ताई, भावाला माझ्याकडून एक सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. समिती कागदावर नको, खरी बसवा. समायोजनाचं, म्हणजे शाळा दुसरीत मिसळायचं, काहीही आलं तर नुसता विरोधाचा ठराव करू नका, अटींचा ठराव करा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. गाडीची वेळ, पावसाळ्यातली सोय, संध्याकाळची गाडी, आणि इमारत कुणाकडं राहणार ते.

---

वाहक_दादा

गुरुजी, फळ्याचं बरोबर बोललात. डेपोत प्रिंट काढून लावतो.

आणि अजून एक, ठरावात डेपो मॅनेजरला प्रत पाठवायची असं लिहा. ग्रामपंचायतीचे ठराव आमच्याकडं येतच नाहीत, शिक्षण खात्यात फिरत राहतात. शाळेच्या घंटेची वेळ बदलली तरी आम्हाला कोणी कळवत नाही, आम्ही जुन्याच वेळेला गाडी नेतो आणि पोरं शिव्या आम्हाला घालतात.

---

कणसाच्या_गावची

आज भावाशी दीड तास बोलले. तुमचं सगळं वाचून दाखवलं. वाहक दादांचं डेपोच्या प्रतीचं त्यानं लगेच लिहून घेतलं, आणि नर्सताईंचं साडेपाचचं ऐकून वहिनीनं फोन हातात घेतला. ती म्हणाली की माझ्या लेकीला कबड्डी खेळायचीय, संध्याकाळची गाडी एक नंबरला लिहा, बाकी खाली. पुढच्या सोमवारी शाळेत समितीची बैठक लावलीय, सातही मुलांच्या घरचे येणार आहेत आणि वाडीवरचे दोन म्हातारे जे त्या शाळेच्या पहिल्या बॅचचे.

भावाला मी एक काम सांगितलंय. शाळेत कार्यालयाच्या भिंतीवर एक फोटो आहे, १९८९ च्या तालुक्याच्या लेझीम स्पर्धेतला, आमच्या शाळेचा दुसरा नंबर आला होता. पुढच्या रांगेत शेवटची मी आहे, हातात लेझीम उलटी धरलेली. शाळा राहो की जावो, तो फोटो कुठं राहील ते ठरावात घालायला सांगितलंय, आणि खाली मुलांची नावं लिहायला. मागच्या रांगेतल्या तिघींची नावं भावाला आठवत नाहीत. मला आठवतात, आज रात्री लिहून पाठवते.